गुप्तदानातले तेल

जी वस्तू आपण टाकून देतो तिच्यावरचा आपला अधिकार त्याच क्षणी संपतो, याविषयी शास्त्रकार आणि नगरपालिका यांचे एकमत आहे. परंतु त्या वस्तूचा आपल्यावरचा अधिकार केव्हा संपतो, हा प्रश्न कोणी विचारल्याचे माझ्या वाचनात नाही. मीही तो विचारला नसता. पस्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने उरलेल्या तेलाच्या वाटेला जावे, अशी माझी स्वतःकडूनही अपेक्षा नव्हती. पण दान कसे घ्यावे याविषयी मी एक नियम केला, तो मला फार सुंदर वाटला, आणि त्या सौंदर्यापायी एका सज्जनाची या जगात पुन्हा न मिळणारी वस्तू मी जाळली; तीही दातांच्या दवाखान्यात जाण्यासाठी. हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जिथे जिथे स्वतःची बाजू मांडीन, तिथे वाचकांनी सावध राहावे.

प्रारंभ मोरी तुंबण्यापासून झाला. नळवाल्याने आमच्या इमारतीचा जमिनीखालचा नळ उघडला आणि त्यातून एक पांढरा, मेणासारखा, वासराएवढा गोळा ओढून अंगणात ठेवला. सकाळच्या उन्हात तो किंचित चकाकत होता. त्याला एका बाजूने खोबणी पडल्या होत्या. त्यांकडे फार वेळ पाहिले की तिथे कोणीतरी डोळे मिटून पडले आहे असे वाटे.

"हे कोण आहे?" मी विचारले. 'काय' म्हणायचे होते. 'कोण' निघून गेले.

"तुम्हीच आहात की," नळवाला म्हणाला. "सगळ्या घरांचं तळण. गरम असताना ओतता, खाली जाऊन थिजतं. हात लावून बघा."

मी हात लावला नाही. मात्र इमारतीच्या समितीचा चिटणीस या नात्याने त्याच संध्याकाळी सभा घेतली आणि यापुढे तळलेले तेल मोरीत ओतू नये असा ठराव मांडला. "मग ओतायचं कुठे?" असे दुसऱ्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी विचारले. पोस्टमास्तर निवृत्त होऊन बारा वर्षे झाली, पण प्रश्न अजून खिडकीच्या आतून विचारल्यासारखा विचारतात. उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते माझ्या शेजारी बसले होते.

शाळेत तीस वर्षे माझ्या बाजूच्या टेबलावर बसलेल्या गृहस्थांना सगळे रसायनवाले सर म्हणतात. माझ्या विषयाला ते 'पाठांतर' म्हणतात, त्यांच्या विषयाला मी 'दुर्गंधी' म्हणतो, आणि या पायावर आमची मैत्री अभंग उभी आहे. ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमची गाडी डिझेलवर चालते ना? मग हे तेल तिला पाजा. गाळायचं, तापवून पाणी उडवायचं, मेथनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून त्यात मिसळायचं आणि ढवळायचं. खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल येतं. तुमच्या धातुपाठापेक्षा सोपं आहे."

माझी गाडी तेव्हा बावीस वर्षांची होती. तिच्या चालीवरून मी तिला गजगामिनी म्हणतो. गल्लीच्या टोकाला गॅरेज असलेला फोरमन तिला गजू म्हणतो, हे मला आवडत नाही.

आता तो सुंदर नियम. तेल मागायचे तर कोणाकडून किती आले हे कळणार, आणि कोणाकडे किती तळले जाते हे एकदा गल्लीला कळले की कोणाचीच अब्रू शिल्लक राहत नाही. पोस्टमास्तरांना डॉक्टरांनी तळणाचे नावही काढू नये असे सांगितले होते. त्यांच्या घरून दर आठवड्याला दोन लिटर तेल निघे. म्हणून मी ठरवले की हे गुप्तदान असावे. मागच्या शेडच्या पायरीवर एक झाकणाची पेटी ठेवली आणि वर सुवाच्य अक्षरांत फळा लावला: देणाऱ्याने नाव सांगू नये, घेणाऱ्याने विचारू नये. सकाळी सहापर्यंत ठेवून जावे. तोवर आमच्या मागच्या खिडकीचा पडदा बंद राहील.

"अहो, डब्यावर नाव लिहिलं तर निदान परत तरी देता येईल," आमच्या सौ. म्हणाल्या.

"दान परत द्यायचं नसतं."

"मी डब्याबद्दल बोलतेय."

"डबाही दानातच आला."

सौ. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिल्या. लग्नाला चाळीस वर्षे झाल्यावर असे पाहणे हेच भाषण असते.

पहिला घाणा वीस लिटरांचा. तेलात पाणी राहिले होते, हे रसायनवाले सरांनी मागाहून सांगितले. ढवळता ढवळता पातेल्यातला द्रव घट्ट झाला, पांढरा झाला, फुगला, काठावरून उतरून संथपणे दाराकडे निघाला. आम्ही दोघे विद्वान स्टुलांवर उभे राहिलो. वीस लिटर तेलाचा साबण झाला होता. तेलही गेले, तूपही गेले, हाती धुपाटणे आले, ही म्हण मी वर्गात शेकडो वेळा समजावली असेल. ती घोट्यापर्यंत कधी आली नव्हती.

"भांडी मात्र छान निघतात," सौ. म्हणाल्या. वर्षभर पुरेल इतका साबण त्यांनी बरण्यांत भरला.

दुसऱ्या घाण्यासाठी चाळीस लिटर जमायला पाच आठवडे लागले. त्या काळात एका सकाळी मी पेटीचे झाकण उघडले, तर डब्यांच्या मध्ये एक काचेची बरणी उभी होती. तिच्यातले तेल मधाच्या रंगाचे होते आणि इतके नितळ की पलीकडची फळी दिसत होती. तळाशी संत्र्याची वाळकी साल होती, वळलेली, कानासारखी.

रसायनवाले सरांनी हुंगून पाहिले. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "हे जुनं आहे. वर्षाचं तरी. एव्हाना खवट व्हायला हवं होतं."

"मग?"

"झालं नाही," ते म्हणाले, आणि बरणी टेबलावर जरुरीपेक्षा लांब ठेवली.

पदरी पडले पवित्र झाले, असे म्हणून मी ते गाळणीतून इतर तेलात ओतले. दीड लिटर भरले. साल गाळणीत राहिली. ती उचलून टाकताना बोटांना ऊब लागली. शेगडी पेटवलेली नव्हती. मी बोटे धोतराला पुसली आणि कामाला लागलो, कारण अशा गोष्टींचा विचार करण्याचे माझे वय नव्हते, असे मला वाटत होते.

हा घाणा साधला. दुसऱ्या दिवशी खाली तपकिरी ग्लिसरीन, वर सोनेरी इंधन. तीन वेळा पाण्याने धुऊन, सुकवून आम्ही ते कॅनांत भरले. पंधरा लिटर फोरमन आपल्या पाण्याच्या पंपात घालून पाहायला घेऊन गेला. उरलेले गजगामिनी प्यायली आणि ती पहिल्याच किल्लीला सुरू झाली. हे तिने तरुणपणीही केले नव्हते.

तळलेल्या तेलावरच्या इंजिनाच्या धुराला तळणाचा वास येतो, हे रसायनवाले सरांनी मला सांगितले नव्हते. पहिल्या दिवशी मी दाताच्या डॉक्टरांकडे निघालो तेव्हा गल्लीतून एक अख्खे स्वयंपाकघर माझ्या मागे चालले होते. त्यात सतरा घरांचे वास असायला हवे होते. पण येत होता एकच: तापलेले तेल आणि त्यात नुकतीच सोडलेली संत्र्याची साल.

पोस्टमास्तरांचा कुत्रा आंधळा आणि बहिरा आहे आणि वर्षभर पायरीवरून हलला नव्हता. तो उठला आणि शेपूट हलवत गाडीच्या मागून चालू लागला. गाडीच्या मागे कुत्रे धावतात हे मी पाहिले आहे. गाडीच्या मागे कुत्रा लाडात येऊन चालतो, हे पाहिले नव्हते. आरशात मी पाहिले, तर दोन बाया दारात येऊन उभ्या होत्या. पदराला हात पुसत, कोणी बोलावल्यासारख्या.

गल्ली संपते तिथे चढ आहे आणि चढावर मोजणीदारांचे दुमजली घर. मोजणीदारांनी उभे आयुष्य जमिनी मोजण्यात घालवले. रस्त्यावरून चालतानाही ते पावले मोजत. वर्षापूर्वी त्यांची पत्नी गेली. गल्ली तिला नुसते वहिनी म्हणे. दर रविवारी दुपारी चारला वहिनी तळण काढत, आणि गल्लीतल्या ज्याच्या नाकाला वास पोचेल त्याचा त्यावर हक्क असे. त्या गेल्यापासून मोजणीदारांची वरची खिडकी बंद होती. एवढे मला ठाऊक होते, आणि एवढ्यावरून काहीही सुचले नाही, हे मी लेखी देतो.

त्या खिडकीखाली गजगामिनी बंद पडली.

फोरमन आला. फिल्टर काढून त्याने काळा गाळ दाखवला. "सर, हे इंधन साबणासारखं. टाकीत बावीस वर्षांची घाण बसलीय, ती हे धुऊन काढतं, ती इथं येऊन अडकते. मग चढावर गजू बसते."

"गजगामिनी."

"तीच."

त्याने नवा फिल्टर घातला. आठ दिवसांनी, डॉक्टरांच्या तिसऱ्या खेपेहून परतताना, ती पुन्हा त्याच खिडकीखाली थांबली. पुन्हा गाळ. पोस्टमास्तर सल्ला द्यायला आले. त्यांच्या मते मी चढ टाळून जावे. गल्लीला दुसरी वाट नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणले. "मग बाहेरच जाऊ नका," ते म्हणाले. सल्ला पूर्ण करून देण्याची ही हातोटी फार थोड्यांना असते.

मी गाडी पुसत असताना वर कडी वाजली. वर्षभर मिटलेली खिडकी बोटभर उघडली होती. आत कोणी दिसले नाही. कोणीतरी श्वास घेत होते, इतकेच कळत होते.

येथवर फक्त इंजिनाचा प्रश्न होता. त्यात सरकार मी आणले. माझ्या गाडीच्या कागदांवर 'इंधन: डिझेल' असे आहे, टाकीत जे होते ते डिझेल नव्हते, आणि असत्य कागद जवळ बाळगणे मला झोप लागू देईना. सौ., रसायनवाले सर, फोरमन आणि पोस्टमास्तर हे चौघे आयुष्यात प्रथमच एकमताने म्हणाले की सांगायला जाऊ नका. मी गेलो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

वाहन कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज उलटापालटा केला. "इंधनाचे रकाने चार. पेट्रोल, डिझेल, वायू, वीज. तुमचं यात कुठं बसतं?"

"तेच विचारायला आलो आहे."

"खाद्यतेल आहे का?"

"होते. आता नाही."

"मग खाद्य विभागाकडून 'हे खाद्य नाही' असं पत्र आणा."

खाद्य विभागात सांगितले की जे खाद्य नाही ते त्यांच्या अखत्यारीत नाही, आणि जे अखत्यारीत नाही त्याविषयी ते पत्र देत नाहीत. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात: दोन माणसांनी एकमेकांच्या खांद्यावर उभे राहणे. शास्त्रात हा दोष आहे. कार्यालयात ही पद्धत आहे.

मी वाहन कार्यालयात परत आलो तेव्हा कारकुनाने टाकीतले तेल छोट्या बाटलीत घेतले, झाकण लावण्यापूर्वी नाकाशी नेले आणि तसाच थांबला. मग हळूच मागे वळून पाहिले. मागे फाइलींचे कपाट होते.

"कुणी हाक मारली का मला?"

"नाही."

"जेवायला बोलावलं कुणीतरी." त्याने घड्याळ पाहिले. साडेअकरा झाले होते. बाटलीला झाकण लावून त्याने ती खणात ठेवली, खणाला कुलूप लावले, आणि माझ्याशी एकदम फार नम्रतेने बोलू लागला. "काका, तुम्ही घरी जा. पत्र पाठवतो."

घरी येताना गजगामिनी तिसऱ्यांदा त्या खिडकीखाली थांबली. फोरमनने फिल्टर काढून उन्हात धरला. तो कोरा होता.

"मग?" मी विचारले.

"मग काही नाही. होतं असं," फोरमन म्हणाला, पण हत्यारे भराभर पिशवीत टाकली. मी म्हटले, ओढून घरी नेऊ. तो म्हणाला, उद्या बघू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पत्र आले. 'निर्णय होईपर्यंत सदर वाहन असेल त्या ठिकाणाहून हलवू नये. जागेवर उभे असता इंजिन चालू ठेवण्यास हरकत नाही, कारण त्याविषयी नियम नाही.'

अशा रीतीने सरकारच्या आज्ञेने माझी गाडी मोजणीदारांच्या खिडकीखाली स्थापन झाली.

त्याच दुपारी मोजणीदार खाली आले. वर्षात प्रथमच मी त्यांना उजेडात पाहिले. कपडे इस्त्रीचे होते आणि आत माणूस कमी झाला होता. त्यांच्या मागे त्यांची बहीण होती, महिन्याभरापूर्वी त्यांच्या सोबतीला येऊन राहिलेली, पदराचे टोक पिळत.

"शास्त्रीबुवा, तुमच्याकडे एक बरणी आली होती का? काचेची?"

मी तोंड उघडले. माझाच फळा आठवला. देणाऱ्याने नाव सांगू नये, घेणाऱ्याने विचारू नये.

"मीच ठेवली हो," बहीण म्हणाली. "स्वयंपाकघर आवरत होते. जुनं तेल, मला काय माहीत. लोक म्हणाले तुम्ही घेता. दादा मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं."

"संत्र्याची साल होती तळाशी," मोजणीदार म्हणाले. "ती तेलात आधी साल सोडायची. साल वर येऊन फिरली की तेल तयार."

मी त्यांना शेडमध्ये नेऊन स्टुलावर बसवले आणि सगळे सांगितले. काय काय कुठे कुठे जाळले, हेही सांगितले. दातांचा उल्लेख आला तेव्हा मी गाळणी उचलून पुन्हा जागेवर ठेवली. शिक्षकाला आपली चूक स्वतःच्या तोंडून तपासावी लागली की त्याला कळते, लाल शाई किती जाड असते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मीही म्हटले असते की बरे झाले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली. "दीड लिटर, चाळीस लिटरांत. म्हणजे शंभरात पावणेचार भाग." मग ते फळ्याकडे बघत राहिले. "माझी खोली आतली. नकाशे पसरलेले असायचे. ती तळत राहायची आणि मी आतून म्हणायचो, 'पुरे आता, बस तू.' मग ती थांबायची. मी म्हणेपर्यंत थांबायची नाही, अशी रीत होती आमची. लग्नापासून. त्या रविवारी एका हद्दीची रेघ जुळत नव्हती. मी म्हणालोच नाही. पीठ संपेपर्यंत तळत राहिली. मग खुर्चीत बसली, ती बसलीच."

बाहेर, चढावर, कुत्रा गाडीच्या सावलीत झोपला होता.

"डॉक्टर म्हणाले, म्हटलं असतंत तरी तेच झालं असतं," मोजणीदार म्हणाले. "असेल. पण मला ते म्हणायचं राहिलंय. भिंतीला म्हणून पाहिलं. बरणी उघडून, वास घेऊन म्हणून पाहिलं. गार तेलाला वास कमी येतो. आणि परवा तुमची गाडी खिडकीखाली आली, तेव्हा मला वाटलं, ती आत आहे." त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली. "किती उरलंय?"

पंपात गेलेले केव्हाच जळून गेले होते. उरले होते ते टाकीत. मोजणीदारांनी पट्टी आणली, टाकीत सोडली, पुसली, पुन्हा सोडली. सव्वादोन लिटर. फोरमन म्हणाला, जागेवर उभी असली तर गजू तासाला पाऊण लिटर पिते. मी नाव दुरुस्त केले नाही.

"तीन तास," मोजणीदार म्हणाले. "तीन रविवार. चार ते पाच."

पहिल्या रविवारी गल्लीने घात केला. चारला फोरमनने किल्ली फिरवली, धूर निघाला, तापल्या सालीचा वास सुटला, आणि दारे उघडू लागली. लोक येऊन उभे राहिले. पोस्टमास्तरांच्या हातात रिकामी ताटली होती. ती आपण केव्हा उचलली हे त्यांना सांगता येईना. वरच्या खिडकीत मोजणीदार बसले होते. त्यांचे ओठ हलले.

"साहेब, आधी खोल श्वास घ्या," पोस्टमास्तरांनी खालून सल्ला दिला. "घसा मोकळा होतो."

"दादा, पाणी आणू का?" बहिणीने आतून विचारले.

पाच वाजले. फोरमनने इंजिन बंद केले.

दुसऱ्या रविवारी मी चिटणीसपदाचा उपयोग करून चार वाजता अंगणात तातडीची सभा बोलावली. गल्ली सभेला गेली. विषय नव्हता, पण कोणाच्या ते लक्षात आले नाही, कारण सौ.नी अध्यक्षस्थान स्वीकारून तासभर साबणावर चर्चा घडवली. गाडीपाशी फक्त मी आणि फोरमन. तासभर वास वर चढत होता. मोजणीदार काही बोलले नाहीत.

पाचनंतर मी वर गेलो. ते म्हणाले, "शब्द येतो ओठापर्यंत. पण म्हटलं की ती थांबणार, शास्त्रीबुवा."

मी त्यांच्याजवळ बसलो. आतल्या स्वयंपाकघरात शेगडी थंड होती. तिच्या शेजारी एक खुर्ची, दाराकडे तोंड करून.

तिसऱ्या रविवारी सभा बोलवावी लागली नाही. लोक घरांत राहिले, खिडक्या मात्र उघड्या होत्या. रसायनवाले सर आणि मोजणीदारांची बहीण खाली येऊन माझ्याजवळ उभे राहिले. चारला इंजिन सुरू झाले. साडेचारला मोजणीदार वर खिडकीत उभे राहिले आणि पट्टी दाखवायला सांगितली, मी ती टाकीत बुडवून वर दाखवली, त्यांनी मान हलवली. पाच वाजले. मोजणीदार गप्प होते. फोरमन म्हणाला, आता आचके देईल.

पाच वाजून पाच मिनिटे. गजगामिनी एका लयीत धडधडत होती. मी पट्टी टाकीत घातली. ती कोरडी वर आली. पुन्हा घातली. कोरडी.

"नळीत असेल राहिलेलं," फोरमन म्हणाला. पाच वाजून दहा मिनिटांनी त्याने किल्ली काढून घेतली. इंजिन चालू राहिले. "जुन्या डिझेल गाड्या राहतात कधीकधी," तो म्हणाला, बॉनेट उघडले आणि हाताने बंद करायचा दांडा ओढला. इंजिन चालू राहिले. मग त्याने तेलाची नळीच सोडवून हातात धरली. तिच्या टोकाला एक थेंबही आला नाही. फोरमनने ती नळी माझ्याकडे दिली, जणू त्या वस्तूशी त्याचा संबंध नव्हता, आणि दोन पावले मागे सरला. रसायनवाले सरांनी माझी बाही धरली होती. तीस वर्षांत त्यांनी माझी कोणतीही वस्तू इतकी घट्ट धरली नव्हती.

वास आता इतका दाट झाला होता की त्यात आवाज असल्यासारखा वाटे: तेलात काहीतरी सोडल्याचा, उलटल्याचा, निथळल्याचा. कुत्रा उठून बसला आणि आपले आंधळे डोळे त्याने खिडकीच्या आत, मोजणीदारांच्या पाठीमागे रोखले. पीठ तर केव्हाच संपले होते. ती तळतच होती.

मोजणीदारही आता कुत्र्यासारखेच मागे वळून पाहत होते. त्यांचा चेहरा आम्हाला दिसत नव्हता.

"पुरे आता," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता. आतल्या खोलीतून बाहेर पोचेल, इतकाच होता. "बस तू."

इंजिन थांबले.

थांबताना ते नेहमी हिसका देते, दोनदा खोकते. तसे काही झाले नाही. हातातले काम खाली ठेवावे, तसे ते थांबले. त्या शांततेत वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मोजणीदार तर खिडकीतच उभे होते.

मग फोरमनने नळी माझ्या हातून घेतली, जागेवर बसवली, आणि म्हणाला, "गजगामिनी चांगली गाडी आहे."

पुढचे थोडक्यात. अकरा आठवड्यांनी वाहन कार्यालयाचे पत्र आले. त्या कारकुनाने स्वतःच्या हाताने पाचवा रकाना आखून त्यात 'घरचे' असे लिहिले होते आणि वर शिक्का मारला होता. मी फळा उतरवला. आता आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक डब्यावर नाव असते, आणि तो रिकामा करण्यापूर्वी सौ. ज्याच्या त्याच्या दारी जाऊन विचारतात, "नक्की द्यायचंय ना?" गल्लीची अब्रू पार गेली. पोस्टमास्तर किती तळण खातात हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्यांचे वजन त्यामुळे उतरले आहे. चढावर गाडी पुन्हा कधी थांबलेली नाही. तिथून जाताना मीच तिला जरा सावकाश घेतो.

मोजणीदारांची खिडकी उघडी असते. परवा ते मला म्हणाले की ती हद्दीची रेघ जुळली. चूक बोटभराचीच होती.

ज्यांनी नाव न सांगता दिले आणि ज्यांच्याकडून न विचारता घेतले गेले, त्या सर्वांचे भले होवो. फोरमनचे हात चालते राहोत, कारकुनाला वेळेवर जेवायची हाक येवो, आणि त्या बहिणीच्या मनावरचे ओझे उतरो. मोजणीदारांना स्वस्थ झोप लागो. आणि वहिनी, तुम्ही पुष्कळ उभ्या राहिलात. जिथे असाल तिथे तुमच्याजवळ एक खुर्ची असो.